अब्बांची काठी आणि मार्चचे ऊन

होळी पेटली की थंडी गेली, असे आपल्याकडे म्हणतात. यंदा होळी रमजानमध्येच आली आणि थंडी खरोखर तिच्याबरोबरच गेली. मलकापुरात आता दुपारी बारानंतर रस्ते ओस पडू लागले आहेत. स्टेशनकडून गावात येणारे ऑटोवाले डोक्याला ओला रुमाल बांधून बसतात, शेजारी भुसावळ आणि अकोल्याचा पारा किती चढला याच्या गप्पा मारतात, आणि आपल्याकडचा त्यांच्यापेक्षा फार कमी नाही हे स्वतःच्या घामावरून ओळखतात.

या दिवसांत आमच्या घरी एक वस्तू रोज तपासली जाते. अब्बांची काठी. सहरी झाली की माझी मुलगी ती उलटी करते, टोकाचा रबर बघते, कोरड्या फडक्याने मूठ पुसते आणि पुन्हा खाटेला टेकवून ठेवते. गेल्या रमजानपर्यंत ही काठी घरात कुणीच उलटी करून पाहिली नव्हती. मीसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी मीच ती विकत आणली होती, आणि आणली म्हणजे माझे काम झाले असे समजत होतो.

अब्बा शहात्तर वर्षांचे आहेत. उर्दू प्राथमिक शाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. खुब्याचे हाड मोडल्यापासून काठी हातात आली. गेल्या वर्षी मार्चअखेरच्या एका शुक्रवारी आम्ही जुम्याच्या नमाजसाठी निघालो. मशीद माझ्या पायांनी चार मिनिटांवर, अब्बांच्या पायांनी पंधरा. कोपऱ्यापर्यंत बरोबर चाललो, मग ते म्हणाले, "तू पुढे हो, आतली जागा धर. मी येतो." मी पुढे झालो. ते मागून आले, उन्हातून, रोज्याने. वुजू करण्याच्या जागेजवळ ओली फरशी आणि एक पायरी आहे. तिथे ते पडले. आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. मनगट मोडले आणि भुवईवर टाके पडले. खुबा वाचला, ही अल्लाहची मेहेरबानी.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आधी चक्कर आली की आधी काठी घसरली?" अब्बांना सांगता येईना. मला तो प्रश्न तेव्हा निरर्थक वाटला, पुढे वर्षभर तोच डोक्यात राहिला. घरी येऊन काठी उलटी केली. टोकाचा रबर एका बाजूने पूर्ण झिजून आतला धातू दिसत होता. ओल्या फरशीवर धातू म्हणजे बर्फावर काचच. पण चक्करही आली असणारच, कारण दुसरी गोष्ट त्यांनी तिसऱ्या दिवशी अम्मीला सांगितली, मला नाही. सहरीला ते जेमतेम एक ग्लास पाणी पीत होते. रात्री तरावीहच्या मधे उठावे लागू नये म्हणून इफ्तारनंतरही हात आखडताच. काठी घेऊन अंधारात मोरीपर्यंत जायचे, परत यायचे, कुणाला उठवायचे, त्यापेक्षा पाणीच कमी प्यावे, असा त्यांचा हिशेब.

हा हिशेब फक्त रोजेदारांचा नाही. शेजारचे गुरुजी निवृत्त शिक्षक, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकर घेऊन चालतात. त्यांना रोजा नाही, कसलीच मनाई नाही. तरी उन्हाळ्यात तेही दिवसभरात मोजून चार ग्लास पाणी पितात, कारण संडास अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आणि मधे दोन पायऱ्या. वॉकर घेऊन पायरी म्हणजे काय प्रकार असतो, हे ज्याच्या घरी वॉकर आहे त्यालाच कळते. आजी-आजोबांना "पाणी पीत जा" असे दिवसातून दहा वेळा सांगणाऱ्या घरांनी आधी ती वाट चालून पाहावी. रात्री तिथे दिवा आहे का, फरशी कोरडी राहते का, बसता-उठताना धरायला दांडा आहे का. माझ्या मते ज्याच्या हाती काठी आहे, त्याला उन्हापासून वाचवायची सुरुवात पाण्याच्या माठापाशी होत नाही. संडासाच्या वाटेवर होते.

उर्दूत काठीला 'असा' म्हणतात. मराठीत हाच शब्द वेगळ्या अर्थाने दिवसातून शंभरदा येतो, आणि वर्गात यावरून मुले हसतात. कुरआनात सूरह ताहामध्ये हजरत मूसांना विचारले जाते की तुझ्या हातात काय आहे. ते नुसते 'काठी' म्हणून थांबत नाहीत. तिच्यावर टेकतो, शेळ्यामेंढ्यांसाठी पाला पाडतो, आणखीही कामे होतात, असे सविस्तर सांगतात. पुढे त्या काठीचे जे चमत्कार झाले ते सर्वांना माहीत आहेत. मला मात्र हे आधीचे, साधे उत्तर आवडते. त्या काठीचे पहिले काम टेकण्याचेच होते, आणि ते सांगताना एका पैगंबराला कमीपणा वाटला नाही. आमच्या अब्बांना वाटतो. गुरुजींनाही वाटतो. बाजारात कुणी ओळखीचा दिसला की गुरुजी वॉकर सोडून दोन पावले तसेच चालून दाखवतात.

आता उन्हाचे गणित. शरीर स्वतःला थंड ठेवते ते मुख्यतः घामाने. आपल्या भागात हवा कोरडी, त्यामुळे घाम लगेच वाळतो आणि किती पाणी गेले हे कळत नाही. वय वाढले की तहान उशिरा लागते, घामही कमी येतो. त्यात रक्तदाबाची गोळी, आणि काही जणांना लघवी जास्त होण्याची गोळी. पाणी कमी पडले की उठून उभे राहताना रक्तदाब एकदम खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. धडधाकट माणूस अशा वेळी भिंत धरतो. काठीवाल्याचा एक हात काठीत अडकलेला, वॉकरवाल्याचे दोन्ही.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. काठी, कुबडी किंवा वॉकर घेऊन चालायला शक्ती जास्त लागते. कुबड्यांवर तर अंगाचा भार हातांनी उचलावा लागतो. म्हणजे तेवढ्याच अंतराला मेहनत जास्त, आणि चाल हळू असल्याने उन्हात राहण्याचा वेळ तिप्पट-चौपट. छत्री धरायला हात मोकळा नाही, पाण्याची बाटलीही हातात घेता येत नाही. सावली समोर दिसत असली तरी धावत जाऊन गाठता येत नाही. त्यामुळे ज्या उन्हात आपण "पाच मिनिटांचेच तर काम आहे" म्हणून बाहेर पडतो, ते ऊन अब्बांसाठी पाच मिनिटांचे नसते.

गेल्या वर्षभरात फिजिओथेरपिस्टकडे, औषधाच्या दुकानात आणि इतर काठीवाल्यांच्या गप्पांत बसून मी जे शिकलो, ते सांगतो. काठीची उंची आधी. पायात रोजची चप्पल घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावा. मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकते. अब्बांची काठी तीन बोटे उंच होती. आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. हे ऐकून बहुतेक लोक वाद घालतात, मीही घातला होता. पण चालताना दुखरा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे टाकली की भार दोघांत वाटला जातो, तो असा. कुबडी वापरणाऱ्यांनी काखेत भार देऊ नये, हातांवर द्यावा. काखेतली नस दबली की हात बधिर होतो. थकलेला माणूस उन्हात नेमका काखेवरच रेलतो.

टोकाचा रबर झिजला, कडक झाला, चिरला की बदलायचा. चहा-नाश्त्याच्या पैशात येतो, फक्त नळीच्या मापाचा हवा. वॉकरला असे चार असतात आणि चारही एकदम झिजत नाहीत, म्हणून एकेक बघावा लागतो. ॲल्युमिनियमचा वॉकर ओट्यावर उन्हात राहिला तर दुपारी हात लावता येत नाही, म्हणून तो आत ठेवावा. मूठ घामाने निसटते, त्यावर लोक रुमाल गुंडाळतात. सैल रुमाल मुठीपेक्षा जास्त निसटतो. गुरुजींच्या नातवाने वॉकरला सायकलच्या हँडलची जाळीदार ग्रिप बसवून दिली आहे, ती घट्ट बसते. पिशवी वॉकरच्या पुढे टांगली की तो पुढे झुकतो. पाण्याची छोटी बाटली खांद्यावरून आडव्या घातलेल्या पिशवीत ठेवावी. छत्रीऐवजी रुंद काठाची टोपी किंवा डोके-मान झाकणारा सुती गमछा. आणि चप्पल मागे पट्टा असलेलीच. पायातून निसटणारी स्लीपर, मे महिन्यातले पाघळलेले डांबर आणि काठी, हे तिघे एकत्र येऊ नयेत.

रमजानची म्हणून एक वेळ मी मुद्दाम सांगतो. ऊन उतरले, साडेपाच-सहा वाजले, की आपल्याला वाटते आता म्हाताऱ्या माणसाने बाहेर पडायला हरकत नाही. पण मगरिबच्या अजानआधीची वीस मिनिटे आमच्या मोहल्ल्यातली सर्वांत धोक्याची. टरबूज, भजी, बर्फ घेऊन मोटारसायकली घराकडे सुसाट सुटतात. चालवणाऱ्याचे लक्ष घड्याळाकडे, आणि त्याचाही दिवसभराचा रोजा. ज्यांच्याकडे काठी आहे त्यांनी असरच्या नमाजनंतर लगेच निघावे आणि अर्धा तास आधी घरी असावे. इफ्तारला थंडगार सरबत घटाघटा पिऊन लगेच नमाजला उठणे हेही वाईट. उतारवयात खाल्ल्यावर रक्तदाब काही वेळ उतरतो. खजूर, पाणी, थोडे बसणे, मग हात टेकवून उठणे, आणि उभे राहिल्यावर दोन श्वास जागीच.

रोज्याबद्दल लिहिताना जरा जपून लिहितो, कारण हे पान माझे हिंदू स्नेहीही वाचतात आणि मोहल्ल्यातले बुजुर्गही. कुरआनात जिथे रोजे फर्ज केल्याचे सांगितले आहे, तिथेच, सूरह बकरात, आजारी आणि प्रवासी यांना सवलत दिली आहे. बरे झाल्यावर तेवढे दिवस भरून काढावेत. ज्याला पुढेही जमण्यासारखे नाही त्याने रोजच्या बदल्यात एका गरजूला जेवू घालावे, त्याला फिदया म्हणतात. उभे राहून नमाज जमत नसेल तर बसून, तेही नाही तर कुशीवर, हे हदीसमध्ये आहे. कडक उन्हात जुहरची नमाज थोडी उशिरा, ऊन निवल्यावर पढावी, असेही पैगंबरसाहेबांनी सांगितल्याचे बुखारीत आहे. आजारी माणसावर जुम्याला मशिदीत येण्याची सक्ती नाही. ऊन काय करते हे अरबस्तानातल्या लोकांना आपण शिकवायला नको. सवलत धर्मातच आहे, अडते ते आपल्या मनात.

अब्बांचे मन असेच अडले होते. हाताला प्लास्टर असताना डॉक्टरांनी रोजे बंद केले. ते दुपारी पडदा ओढून जेवायचे. मी खोलीत आलो की ताट झाकायचे. सत्तर वर्षांत, म्हणजे समज आल्यापासून, एकही रोजा न सोडलेला माणूस स्वतःच्याच घरात चोरासारखा जेवताना पाहणे मला पडण्याच्या आवाजापेक्षा जड गेले. यंदा रमजानच्या दोन आठवडे आधी आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्यांच्या वेळा सांगितल्या आणि रोजा नको म्हणून स्पष्ट सांगितले. मग मशिदीतल्या मौलानांकडे गेलो. त्यांनी तेच सांगितले, फक्त वेगळ्या शब्दांत. दोन्हीकडून ऐकल्यावर अब्बा गप्प झाले. पहिल्या दिवशी इफ्तारच्या दस्तरख्वानवर ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले. दुपारी जेवलेले होते. तरी समोरची खजूर त्यांनी अजान होईपर्यंत उचलली नाही.

रोजा ठेवणाऱ्यांनीही, काठी असो वा नसो, धोक्याच्या खुणा ओळखायला हव्यात. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे, चालताना झोकांडी जाणे ही पहिली घंटा. तिथेच सावलीत बसावे, अंग ओल्या कापडाने पुसावे, आणि पाणी प्यावे. जिवाला धोका असेल तर रोजा सोडता येतो, नंतर भरून काढता येतो. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून भट्टी झाले, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. लगेच १०८ ला फोन, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी आणि वारा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. घरी ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

ऊन अनुभवी माणसालाही फसवते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लोक मोकळ्या मैदानात तासन् तास बसले होते, आणि उन्हाने १४ जणांचे जीव गेले. तेव्हाही रमजान चालू होता. जून २०२४ मध्ये हजच्या काळात मक्केत पारा ५० अंशांच्या वर गेला. सौदी सरकारने १,३०१ मृत्यू सांगितले. त्यातले बहुसंख्य परवान्याशिवाय आलेले, म्हणजे ज्यांना वातानुकूलित तंबू आणि बस मिळाली नाही, उन्हात मैलोनमैल चालावे लागले असे. त्या हजमध्ये ९८ भारतीय यात्रेकरूही दगावले, त्यांच्यात नैसर्गिक कारणाने गेलेलेही होते. आपल्या जिल्ह्यात सैलानीबाबांची यात्रा होळीच्या सुमारास भरते, तिथे आजारी आणि अधू माणसे मोठ्या संख्येने येतात. शेगावची पालखी पंढरपूरकडे निघते तेव्हाही पाऊस पडलेला असतोच असे नाही. चालणे हाच जिथे भक्तीचा भाग आहे, तिथे न चालता येणाऱ्याची सोय कुणी पाहायची?

सोय म्हणजे फार काही नसते. उर्दूत पाणपोईला सबील म्हणतात. उन्हाळ्यात गावात दोन्ही नावांच्या पाणपोया लागतात. रांजण, वर लाल कापड, साखळीला बांधलेला ग्लास. त्यातल्या किती पाणपोयांशेजारी बसायला बाकडे आहे? रांजण उंच ओट्यावर असेल तर वॉकरवाला तिथवर चढणार कसा? एका हातात काठी असलेल्या माणसाने रांजणातून वाकून पाणी काढायचे कसे? तोटी आणि बाकडे, एवढेच लागते. मशिदीच्या वुजूच्या जागी आम्ही आता पायरीला खडबडीत पट्टी लावली आहे, शेजारी दांडा बसवला आहे आणि तीन खुर्च्या वाढवल्या आहेत. हे वर्षापूर्वी सुचायला हवे होते. माझ्या वडिलांच्या भुवईवरचे टाके पडल्यावर सुचले.

पैशांची अडचण असणाऱ्यांसाठी एक माहिती. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू केली. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर काठी, वॉकर, कमरेचा किंवा गुडघ्याचा पट्टा, चष्मा, श्रवणयंत्र अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये थेट बँक खात्यात येतात. चौकशी समाजकल्याण विभागाकडे करावी. अर्ज भरताना म्हाताऱ्या माणसाला दुपारच्या रांगेत उभे करू नका, एवढी विनंती.

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, गुढीपाडवा ३० मार्चला आहे आणि चंद्र दिसला तर दुसऱ्याच दिवशी ईद. गुरुजींच्या घरी गुढीसाठी काठी धुऊन ठेवली आहे, आमच्याकडे अब्बांच्या काठीला नवा रबर बसला आहे. ईदची नमाज मैदानात, आणि नऊ वाजताच ऊन चढते. आम्ही ठरवले आहे की अब्बांना ऑटोने कडेपर्यंत न्यायचे आणि कडुनिंबाखाली खुर्ची टाकायची. गुरुजी म्हणाले, "भाईजान, शिरखुर्म्याला मी येणार, पण संध्याकाळी. दुपारी वॉकर काढायचा नाही, असा नातवाचा हुकूम आहे." अब्बा म्हणाले, "माझ्याकडे नातीचा आहे."

मागच्या आठवड्यापासून दोघे असरनंतर रस्त्याच्या सावलीच्या बाजूने औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन येतात. मधे एका किराणा दुकानाच्या ओट्यावर थांबतात. दुकानदार त्यांच्यासाठी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर काढून ठेवतो. मी मागून चालतो, चार पावले अंतर ठेवून. पुढे व्हायचे नाही, एवढे मी शिकलो आहे.